क्लस्टरमधले डुप्लिकेट आयडी: बिटांची वाटणी सोपी, वर्कर नंबरची वाटणी अवघड

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑर्डर घेणारी सेवा कुबरनेटीसवर (अनेक यंत्रांवर प्रोग्रॅम चालवणारी व्यवस्था) ४० पॉडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या ४० चालत्या प्रतींत, चालते. प्रत्येक पॉडला मिनिटाला साधारण ६ ऑर्डर येतात. ऑर्डरचा आयडी स्नोफ्लेक पद्धतीने (वेळ, वर्कर नंबर आणि काउंटर जोडून) पॉडमध्येच तयार होतो आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख, म्हणून जातो. पॉड सुरू होताना ० ते १०२३ मधला एक रँडम आकडा उचलतो, तोच त्याचा वर्कर नंबर. दिवसाआड एखादी 'डुप्लिकेट की'ची एरर येते. एखाद्या डिप्लॉयनंतर (नवी आवृत्ती चढवल्यावर) आठवडाभर सगळं शांत असतं, पुढच्या डिप्लॉयनंतर पुन्हा सुरू होतं. आता वर्कर नंबर पॉडच्या आयपीवरून काढावा, यूयूआयडीकडे (कोणाला न विचारता बनवता येणारा १२८ बिटांचा आयडी) वळावं, की सरळ डेटाबेसच्या सीक्वेन्सवर (क्रमाने पुढचा आकडा देणारी सोय) यावं?

दोष स्नोफ्लेकचा नाही, तो रँडम आकडा हाच दोष आहे. ट्विटरने २०१० मध्ये आणलेल्या या रचनेत ६४ बिटांपैकी सगळ्यात वरचा बिट शून्य राहतो, पुढचे ४१ बिट मिलिसेकंदांचे, १० बिट वर्करचे आणि शेवटचे १२ बिट त्या मिलिसेकंदातल्या काउंटरचे. त्या मूळ सेवेत वर्कर नंबर झूकीपरमध्ये (यंत्रांमधला समन्वय राखणारी सेवा) नोंदवले जात, म्हणजे एक नंबर एका वेळी एकाकडेच असेल याची जबाबदारी कोणावर तरी होती. नक्कल करताना लोक बिटांची वाटणी तेवढी उचलतात आणि झूकीपर मागे राहतो. तिथेच युनिकपणा निसटतो.

तुमच्याकडची लक्षणं हिशेबात अगदी चपखल बसतात. ४० पॉडच्या ७८० जोड्या होतात. एखाद्या जोडीचा वर्कर नंबर जुळण्याची शक्यता १०२४ त एक. म्हणजे प्रत्येक डिप्लॉयला किमान एक जोडी जुळण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त. निम्म्या डिप्लॉयनंतर शांतता आणि निम्म्यांनंतर एरर, ती यामुळे. आता जुळलेली जोडी घ्या. मिनिटाला ६ ऑर्डर म्हणजे दहा सेकंदांत एक, म्हणजे एखाद्या ठरावीक मिलिसेकंदात ऑर्डर येण्याची शक्यता दहा हजारांत एक. दोन्ही पॉडना त्याच मिलिसेकंदात ऑर्डर येण्याची शक्यता दहा कोटींत एक. दिवसात ८ कोटी ६४ लाख मिलिसेकंद असतात. म्हणजे एका जुळलेल्या जोडीमागे दिवसाला सरासरी ०.८६ डुप्लिकेट. काउंटर प्रत्येक मिलिसेकंदाला शून्यापासून सुरू होत असल्यामुळे वेळ आणि वर्कर जुळले की आयडी जुळलाच.

या हिशेबातली काळजी करण्यासारखी गोष्ट म्हणजे डुप्लिकेट ऑर्डरच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढतात. ऑर्डर तिप्पट झाल्या की डुप्लिकेट नऊपट होतात. दिवाळीच्या आठवड्यात हीच व्यवस्था दिवसाला सात-आठ डुप्लिकेट देईल. रोलिंग अपडेट (जुने पॉड थोडे थोडे काढत नवे आणणं) चालू असताना तर डीफॉल्ट सेटिंगप्रमाणे २५ टक्के जादा पॉड उभे राहू शकतात, म्हणजे ४० चे ५० आणि ७८० जोड्यांच्या १,२२५.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. पोस्टग्रेसने एरर दिली म्हणून निदान ती डुप्लिकेट दिसली तरी. हाच आयडी पोस्टग्रेसच्या आधी रेडिसमध्ये की म्हणून जात असेल, ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये फाइलचं नाव म्हणून जात असेल किंवा काफ्काच्या कॉम्पॅक्ट होणाऱ्या टॉपिकवर (एका कीमागे शेवटचा संदेशच ठेवणारी रांग) की म्हणून जात असेल, तर तिथे दुसरी ऑर्डर पहिलीवर गुपचूप लिहिली जाते. कोणी तक्रार करत नाही. एररच्या प्रत्येक नोंदीमागचा आयडी घेऊन या तिन्ही ठिकाणी काय उरलं आहे ते पाहा.

पॉडच्या आत किती जनरेटर आहेत?

वर्कर नंबरला हात लावण्याआधी हे बघा, कारण नंबर कितीही नीट वाटले तरी इथे चूक असेल तर डुप्लिकेट येतच राहतील. ४० पॉड म्हणजे ४० जनरेटर असं गृहीत धरलं जातं. गुनिकॉर्न हा पायथॉनचा वेब सर्व्हर ४ वर्कर प्रोसेसनी चालत असेल आणि ॲप्लिकेशन आधी लोड करून मग फोर्क होत असेल (म्हणजे चालत्या प्रोसेसच्या प्रती निघत असतील), तर चारही प्रोसेसना तोच वर्कर नंबर आणि तेच काउंटर वारशाने मिळतात. नोड.जेएसचं क्लस्टर मोड वापरलं आणि नंबर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येत असेल तरी तेच. मग खरे जनरेटर १६० आहेत, आणि एका पॉडमधले चार तर कायमचे एकमेकांवर आदळणारे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जनरेटरचा ऑब्जेक्ट प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने बनवणं. मागचा टाइमस्टॅम्प आणि काउंटर त्या ऑब्जेक्टमध्ये असतात. नवा ऑब्जेक्ट म्हणजे काउंटर पुन्हा शून्य. एका प्रोसेसमध्ये एकच जनरेटर हवा, आणि मागचा टाइमस्टॅम्प व काउंटर या दोन गोष्टी एकाच लॉकखाली बदलायला हव्यात. दोन वेगवेगळी ॲटॉमिक व्हेरिएबल ठेवून भागत नाही. एका थ्रेडने टाइमस्टॅम्प बदलला आणि काउंटर शून्य करायच्या आत दुसरा थ्रेड घुसला तर गोंधळ होतो. लॉक नको असेल तर दोन्ही किमती एकाच ६४ बिटी शब्दात कोंबून कम्पेअर-अँड-स्वॅप करा, म्हणजे जुनी किंमत तीच असेल तरच एका झटक्यात बदला.

आयपीवरून नंबर का नको

हा उपाय सगळीकडे सुचवला जातो, म्हणून जरा जवळून बघू. आयपीचे शेवटचे १० बिट म्हणजे चौथा आकडा पूर्ण आणि तिसऱ्या आकड्याचे खालचे दोन बिट. बऱ्याच कुबरनेटीस क्लस्टरमध्ये प्रत्येक नोडला (क्लस्टरमधल्या यंत्राला) २५६ पत्त्यांचा एक तुकडा मिळतो. एका नोडवर पॉडचा पत्ता १०.२४४.१.७ आहे, दुसऱ्यावर १०.२४४.५.७. तिसरा आकडा १ आणि ५. दोघांचेही खालचे दोन बिट ०१. म्हणून दोघांचाही वर्कर नंबर २५६ अधिक ७, म्हणजे २६३. पाच नोडचं क्लस्टर झालं की अशी जोडी शक्य होते. शिवाय प्रत्येक नोडवर पत्ते साधारण खालून वर वाटले जातात, त्यामुळे ५, ६, ७ असे शेवट सगळ्या नोडवर सापडतात. रँडम आकडा निदान विखुरलेला तरी होता. आयपीमध्ये टक्कर ठरलेली असते आणि पॉड मरेपर्यंत टिकते. पॉडच्या नावाचा हॅश घेऊन १०२४ ने भागणं हेही रँडमच, फक्त वेगळ्या कपड्यातलं.

तुमच्या आकड्यांना काय पुरेसं आहे

४० पॉड गुणिले मिनिटाला ६, म्हणजे पूर्ण व्यवस्थेला सेकंदाला ४ ऑर्डर. पोस्टग्रेस एकच आहे आणि प्रत्येक ऑर्डर शेवटी तिथेच जाते. अशा ठिकाणी सीक्वेन्सच वापरा असं माझं स्पष्ट मत आहे. युनिकपणा सांभाळणारा एक घटक तुमच्याकडे आधीच आहे, तो बंद पडला तर ऑर्डर तशीही घेता येणार नाही. आयडीसाठी दुसरी यंत्रणा उभी करून बिघडणाऱ्या जागा वाढवण्यात अर्थ नाही.

इन्सर्ट करण्याआधीच आयडी हवा असेल तर सीक्वेन्स ठोकात वापरा. सीक्वेन्स बनवताना वाढ १,००० ची ठेवा. पॉडने एकदा पुढची किंमत मागितली आणि ५०,००१ मिळाली, की ५०,००१ ते ५१,००० हे आकडे त्या पॉडचे. ते मेमरीतून एकेक देत जायचे. निम्मे संपले की पार्श्वभूमीला पुढचा ठोक मागून ठेवायचा, म्हणजे डेटाबेस क्षणभर अडखळला तरी पॉड थांबत नाही. पॉड मेला तर हातातले उरलेले आकडे वाया जातात. ६४ बिटांत सुमारे ९२ हजार कोटी कोटी आकडे मावतात, त्यामुळे त्याची चिंता नको. मात्र वाढ सगळ्यांनी एकच धरली पाहिजे. सीक्वेन्सची वाढ १,००० आणि कोडमधला ठोक १०,००० असा फरक पडला तर लगेच डुप्लिकेट. ठोकाचा आकार कोडमध्ये लिहू नका, सुरू होताना सीक्वेन्सच्या व्याख्येतूनच वाचा.

हे आकडे वेळेच्या क्रमाने येणार नाहीत, कारण एका पॉडचा ठोक सकाळी घेतलेला आणि दुपारी संपणारा असू शकतो. क्रम हवा तिथे तयार झाल्याच्या वेळेचा वेगळा कॉलम ठेवा.

सीक्वेन्सला दोन खाचखळगे आहेत. मुख्य डेटाबेस (प्रायमरी) पडून त्याची मागून येणारी प्रत (असिंक्रोनस रेप्लिका) प्रायमरी झाली आणि शेवटचा थोडा डब्ल्यूएएल (बदलांची नोंदवही) पोचलेला नसेल, तर सीक्वेन्स मागे जातो. जुन्या प्रायमरीने एखाद्या पॉडला दिलेला ठोक नवी प्रायमरी दुसऱ्या पॉडला पुन्हा देते, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. म्हणून या अदलाबदलीच्या, म्हणजे फेलओव्हरच्या, स्क्रिप्टमध्येच सीक्वेन्स पुढे सरकवायची पायरी हवी, टेबलमधल्या सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढे निदान पॉडसंख्येच्या दुप्पट इतके ठोक. दुसरं म्हणजे लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे ओळींतले बदल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवत राहणं. पोस्टग्रेस १८ पर्यंत त्यात सीक्वेन्सच्या किमती पलीकडे जात नाहीत. त्या मार्गाने आवृत्ती बदलली की नवा सर्व्हर १ पासून मोजायला लागतो. ट्रॅफिक वळवण्याआधी हाताने किंमत लावावी लागते.

डेटाबेसच दोन असतील तर जुनी आणि भक्कम युक्ती म्हणजे फ्लिकरने २०१० मध्ये सांगितलेले तिकीट सर्व्हर: दोन मायएस्क्यूएल, दोघांची वाढ २, एक विषम आकडे देणार आणि दुसरा सम. एक पडला तर दुसरा पुरतो. तिसरा सर्व्हर घालताना मात्र वाढ बदलावी लागते, आणि ते चालत्या व्यवस्थेत कष्टाचं काम आहे.

यूयूआयडी कधी

डेटाबेस अनेक, प्रदेश अनेक, किंवा मोबाइलवर नेट नसताना आयडी बनवायचा असेल, तर यूयूआयडीची सातवी आवृत्ती घ्या. ती मे २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ ने प्रमाणित झाली. १२८ बिटांपैकी पहिले ४८ मिलिसेकंदांचे, ६ बिट आवृत्ती आणि प्रकाराचे, उरलेले ७४ रँडम. वर्कर नंबरच नाही, त्यामुळे वाटायचं काही उरत नाही. एकाच मिलिसेकंदात दहा लाख आयडी बनले तरी त्यांत टक्कर होण्याची शक्यता काही हजार कोटींत एक एवढीच. पोस्टग्रेस १८ मध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ॲप्लिकेशनमधून बनवा.

चौथी आवृत्ती, म्हणजे पूर्ण रँडम, युनिकपणात कमी नाही. तिचा त्रास इंडेक्समध्ये होतो. प्रत्येक नवी ओळ बी-ट्रीच्या (इंडेक्सच्या क्रमवार रचनेच्या) कुठल्याही पानावर जाऊन पडते, म्हणजे पूर्ण इंडेक्स मेमरीत हवा, नाहीतर प्रत्येक इन्सर्टला डिस्कवरून पान आणावं लागतं आणि पानं फुटत राहतात. मायएस्क्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत टेबलच प्रायमरी कीच्या क्रमाने रचलेलं असल्यामुळे हा फटका थेट डेटाला बसतो. सातव्या आवृत्तीत नव्या ओळी शेजारीशेजारी पडतात. याच गुणाचा एचबेस किंवा स्पॅनरसारख्या कीच्या पट्ट्यांनी वाटणी करणाऱ्या डेटाबेसमध्ये तोटा होतो, कारण सगळं लिखाण एकाच पट्टीवर गर्दी करतं. तिथे चौथी आवृत्तीच बरी.

यूयूआयडी ३६ अक्षरांच्या मजकुरात ठेवू नका. पोस्टग्रेसमध्ये यूयूआयडीचाच प्रकार आहे, मायएस्क्यूएलमध्ये १६ बाइटांचा बायनरी कॉलम. आणि रँडम बिट ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडून घ्या. प्रोसेसमधला साधा रँडम जनरेटर फोर्क झाल्यावर किंवा व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट दोनदा उठवल्यावर तोच क्रम पुन्हा काढू शकतो, मग ७४ बिट असूनही टक्कर होते.

स्नोफ्लेकच ठेवायचं असेल तर

६४ बिटांची अट सुटत नसेल आणि डेटाबेस एकाहून जास्त असतील, तर स्नोफ्लेक ठेवा, पण वर्कर नंबर नीट वाटा. तीन रस्ते आहेत.

सगळ्यात साधा म्हणजे कुबरनेटीसमध्ये पॉड 'डिप्लॉयमेंट' प्रकाराऐवजी 'स्टेटफुलसेट' प्रकाराने चालवणं. पॉडच्या नावाच्या शेवटी ०, १, २ असा नंबर येतो आणि त्या नंबरचा जुना पॉड गेल्याखेरीज नवा उठत नाही. तोच वर्कर नंबर. पॉडमध्ये ४ प्रोसेस असतील तर नंबर गुणिले ४ अधिक प्रोसेसचा क्रम. मुंबई आणि हैदराबाद अशा दोन प्रदेशांत दोन क्लस्टर असतील तर दोन्हीकडे शून्यापासून मोजणी होईल, म्हणून १० बिटांतला एखादा क्लस्टरसाठी राखा. एक पथ्य पाळायचं: नोडचा संपर्क तुटला की अडकलेला पॉड जबरदस्तीने डिलीट करायचा मोह होतो. तो डिलीट फक्त नोंद पुसतो. त्या नोडवर कंटेनर चालूच असू शकतो, आणि त्याच नंबरचा दुसरा पॉड दुसरीकडे उठतो. आधी ते यंत्र बंद झाल्याची खात्री, मग डिलीट.

दुसरा रस्ता, प्रत्येक वेळी सुरू होताना कोरा नंबर. चीनमधल्या बायडूच्या यूआयडी-जनरेटरमध्ये हेच आहे: वेळेला २८ बिट आणि तेही सेकंदांचे, वर्करला २२ बिट, काउंटरला १३. प्रोसेस उठली की डेटाबेसमध्ये एक ओळ घालते आणि त्या ओळीचा नंबर घेते. एकदा वापरलेला नंबर पुन्हा कोणालाच नाही. १० बिटांत हे बसत नाही. आठवड्याला चार डिप्लॉय धरले तरी तुमच्याकडे १६० नंबर खर्च होतील आणि सात आठवड्यांच्या आत १,०२४ संपतील.

तिसरा रस्ता मुदतीचा, म्हणजे लीज. यात बारकावे जास्त, म्हणून थोडं सविस्तर. पोस्टग्रेसमध्ये १,०२४ ओळींचं टेबल: वर्कर नंबर, धारक, मुदत. पॉड उठला की मुदत संपलेली एक ओळ कुलूप लावून, आणि इतरांनी कुलूप लावलेल्या ओळी वगळून, उचलतो आणि मुदत ६० सेकंद पुढे लिहितो. ही वेळ डेटाबेसच्या घड्याळाची, पॉडच्या नव्हे. दर २० सेकंदांनी नूतनीकरण. नूतनीकरण जमलं नाही तर पॉडने ४५ सेकंदांनी स्वतःहून आयडी देणं बंद करायचं. मधले १५ सेकंद घड्याळांच्या फरकासाठी. हे ४५ सेकंद नूतनीकरणाची विनंती पाठवल्या क्षणापासून मोजायचे, उत्तर आल्यापासून नव्हे, कारण उत्तर वाटेत रेंगाळलं तर डेटाबेसची मुदत आधीच धावायला लागलेली असते.

आता लीजमधला नेहमी सुटणारा भाग. पॉडने पाहिलं की मुदत शिल्लक आहे, आणि त्याच क्षणी गार्बेज कलेक्शनमुळे (नको असलेली मेमरी मोकळी करण्यासाठी प्रोग्रॅम थांबल्यामुळे) किंवा यंत्र गोठल्यामुळे तो ९० सेकंद थांबला. जागा झाल्यावर तो टाइमस्टॅम्प वाचतो आणि आयडी बनवतो. दरम्यान नंबर दुसऱ्या पॉडकडे गेलेला आहे. उपाय पायऱ्यांचा क्रम उलटा करण्यात आहे: आधी टाइमस्टॅम्प वाचायचा, मग मुदत तपासायची. मुदत तपासताना शिल्लक असेल तर त्याआधी वाचलेला टाइमस्टॅम्प नक्कीच मुदतीतला असतो. नंतर पॉड कितीही वेळ गोठला तरी तो आयडी जुन्या धारकाच्या काळातलाच राहतो आणि नव्या धारकाशी भिडत नाही. मुदत मोजायला भिंतीवरचं घड्याळ नको; मागे न जाणारं मोनोटॉनिक घड्याळ हवं.

घड्याळ

नंबर नीट वाटले तरी घड्याळ मागे गेलं तर एकटा पॉडसुद्धा स्वतःचेच आयडी पुन्हा देऊ शकतो. यंत्राचं घड्याळ नेटवरून जुळवणाऱ्या प्रोग्रॅमपैकी एनटीपीडी १२८ मिलिसेकंदांपेक्षा मोठा फरक दिसला तर वेळ एकदम उडी मारून बदलते. त्यातल्याच क्रोनीच्या नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये अशी उडी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मोजणीपुरतीच मान्य असते, नंतर ते घड्याळाचा वेग किंचित बदलून फरक मिटवतं. आयडी बनवणाऱ्या नोडवर तेच हवं. व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं किंवा दुसऱ्या यंत्रावर हलवलं तरीही उडी येऊ शकते.

जनरेटरमध्ये नियम असा ठेवा: आताची वेळ मागच्या टाइमस्टॅम्पपेक्षा कमी असेल आणि फरक एका सेकंदाच्या आत असेल, तर मागचाच टाइमस्टॅम्प धरून काउंटर वाढवत राहायचं; काउंटर ४,०९५ च्या पुढे गेला तर टाइमस्टॅम्प एकने वाढवायचा. फरक त्याहून मोठा असेल तर आयडी नाकारायचा आणि पॉडला रेडिनेसमधून काढायचं, म्हणजे त्याच्याकडे ऑर्डर येणं थांबवायचं. प्रोसेस मेली की मागचा टाइमस्टॅम्प विसरला जातो, म्हणून सुरू होताना मुद्दाम ५ सेकंद थांबायचं. लीजचं टेबल असेल तर नूतनीकरणासोबत शेवटचा टाइमस्टॅम्पही लिहायचा, आणि नव्या धारकाने तो ओलांडेपर्यंत वाट पाहायची.

वेळ यूटीसीतच मोजा. स्थानिक वेळेवरून मिलिसेकंद काढणारा कोड पुण्यात बसून कितीही तपासला तरी बरोबर वाटतो, कारण भारतात उन्हाळी वेळ नाही. तोच कोड युरोपच्या वेळेवर लावलेल्या सर्व्हरवर गेला की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास दोनदा येतो.

सुरुवातीची तारीख स्वतःची ठेवा. ४१ बिट म्हणजे ६९ वर्षांहून थोडा जास्त काळ. १९७० पासून मोजलं तर तो २०३९ मध्ये संपतो, १ जानेवारी २०२४ पासून मोजलं तर २०९३ मध्ये. ही तारीख पुन्हा कधीही बदलता येत नाही. दोन सेवांमध्ये वेगवेगळी असेल तर त्यांचे आयडी एका टेबलात आणू नका.

ब्राउझरमध्ये गेलेला आयडी

सुरुवात १ जानेवारी २०२४, यूटीसी मध्यरात्र. बरोबर एक वर्षाने, १ जानेवारी २०२५ च्या मध्यरात्री, वर्कर २६३ ने काउंटर शून्यावर बनवलेला आयडी असा: ३,१६२ कोटी २४ लाख मिलिसेकंद गुणिले ४१,९४,३०४, अधिक २६३ गुणिले ४,०९६. उत्तर १३२६३३९५८८१०६७७२४८. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांकच अचूक धरतो. या आकाराच्या आयडीला तो १६ च्या पटीत गोल करतो आणि पडद्यावर १३२६३३९५८८१०६७७२५० दाखवतो. त्या मिलिसेकंदातले काउंटर ० ते ७ चे आठही आयडी ब्राउझरमध्ये नेमके असेच दिसतात. डेटाबेसमध्ये सगळं ठीक, आणि ग्राहकाला दुसऱ्याची ऑर्डर किंवा 'सापडली नाही'.

फसवं काय आहे ते पाहा. ती मर्यादा ओलांडायला सुरुवातीच्या तारखेपासून साधारण २५ दिवस लागतात. सुरुवातीची तारीख आजची ठेवून केलेलं टेस्टिंग म्हणूनच निर्धोक पार पडतं. जेसनमध्ये आयडी नेहमी स्ट्रिंग म्हणून पाठवा, पहिल्या दिवसापासून. ट्विटरलाही आयडीसोबत स्ट्रिंगचं वेगळं फील्ड द्यावं लागलं होतं.

आयडीला १६ ने भागून बाकीवरून शार्ड (डेटाचा कोणता तुकडा) ठरवत असाल तर तेही थांबवा. खालचे बिट काउंटरचे आहेत, आणि कमी ट्रॅफिकमध्ये काउंटर जवळजवळ नेहमी शून्य. सगळ्या ऑर्डर एकाच शार्डवर जातील. आधी हॅश, मग भागाकार.

इनव्हॉइसचा नंबर वेगळा

ऑर्डरचा आयडीच जीएसटीच्या इनव्हॉइसवर छापायचा विचार असेल तर तो सोडा. केंद्रीय जीएसटी नियम ४६ प्रमाणे इनव्हॉइसचा नंबर सलग क्रमाने, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा. वरचा आयडी १८ आकडी आहे, सलग तर नाहीच. यूयूआयडीचा प्रश्नच नाही. साधा सीक्वेन्सही चालत नाही, कारण ट्रॅन्झॅक्शन रद्द झालं तरी घेतलेला आकडा परत येत नाही आणि खाडा पडतो. यासाठी मालिकेमागे एक ओळ असलेलं टेबल ठेवा, इनव्हॉइस लिहिणाऱ्या ट्रॅन्झॅक्शनमध्येच ती ओळ कुलूप लावून एकने वाढवा. हे हळू चालतं, पण सेकंदाला ४ ला भरपूर आहे. नियमाला एकाहून जास्त मालिका चालतात, त्यामुळे गोदामागणिक किंवा शाखेगणिक वेगळी मालिका ठेवली की त्या कुलपावरची गर्दीही फुटते.

बदल लावण्याआधीच्या चाचण्या

एका प्रोसेसमध्ये ३२ थ्रेडनी प्रत्येकी दहा लाख आयडी काढून एका सेटमध्ये टाका. सेटचा आकार ३ कोटी २० लाखच आला पाहिजे. टेस्टमध्ये घड्याळ ५०० मिलिसेकंद आणि मग ५ सेकंद मागे घ्या. पहिल्या वेळी आयडी वाढतेच राहिले पाहिजेत, दुसऱ्या वेळी नकार मिळाला पाहिजे. लीज असेल तर एक प्रोसेस स्टॉप सिग्नलने ९० सेकंद गोठवा, तिचा नंबर दुसरीकडे जाऊ द्या, मग तिला पुन्हा चालू करा. जागी झाल्यावर तिने नव्या टाइमस्टॅम्पचा एकही आयडी देता कामा नये.

टेबलवरची प्रायमरी की कोणत्याही परिस्थितीत काढू नका, आणि डुप्लिकेट की आली की डोळे मिटून पुन्हा प्रयत्न करणारा कोडही लिहू नका. ग्राहकाने दोनदा बटण दाबलं तरी डुप्लिकेट कीच येते. म्हणून ग्राहकाच्या विनंतीची वेगळी इडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा आली हे ओळखणारा आकडा) आणि तिच्यावर वेगळा युनिक इंडेक्स ठेवा. एररमध्ये कोणत्या बंधनाचं नाव आहे ते वाचा: इडेम्पोटन्सीचं असेल तर आधीचीच ऑर्डर परत द्या, प्रायमरी कीचं असेल तर नवा आयडी घेऊन एकदाच पुन्हा लिहा आणि त्याच क्षणी वर्कर नंबर, पॉडचं नाव आणि आयडी यांसह अलार्म वाजवा.